वद्य पंचमीचं पाणी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याखाली गळ टाकायला मी आठवीत शिकलो. कणकेचा गोळा, बुचाला डोळे लावून बसायचं, बूच बुडालं की झटका. चिलापी बहुतेक, पावसाळ्याच्या तोंडाला एखादी वाम. त्या शिक्षणात एक गोष्ट हाडात मुरली होती, ती म्हणजे बसून राहणं. जो बसतो त्याला मासा मिळतो. पंचवीस-तीस वर्षं मी तेच करत आलो आणि नदीवर ते खरंही ठरत आलं.

पण वैशाखात आता पंचगंगेवर बसवत नाही. बरगे घातलेल्या बंधाऱ्यामागं पाणी थांबतं, हिरवं पडतं. एखाद्या सकाळी घाटावर जावं तर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत असतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा चार नद्यांचं पाणी घेऊन आलेली नदी आणि तिची ही अवस्था. लहानपणापासून जिच्या काठावर बसलो तिच्याकडं असं बघणं फार जड जातं. 2019 च्या उन्हाळ्यात असाच एकदा गळ न टाकता परत आलो आणि ठरवलं, या मे महिन्यात समुद्रावर जायचं.

सोय घरचीच होती. बायकोचं माहेर देवगडजवळ, मुंबरीच्या खाडीकाठी. मुलांची सुट्टी लागली की ती तिघं महिनाभर तिकडंच असतात. मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळं रविवार आणि एखादी जोडून आलेली सुट्टी एवढाच माझा हिशेब. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव तिठा आणि देवगड. साडेतीन-चार तासांचा रस्ता. दरवर्षी मी तो आंब्यासाठी करायचो.

पहिली फेरी 12 मे, रविवार. पहाटे उशीरच झाला, राधानगरीत चहाला थांबलो, घाटात आंब्याचे टेम्पो आडवे आले. खाडीवर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. नदीवरचाच सहा फुटी रॉड, बारीक तंगूस, देवगडच्या बाजारात घेतलेली कोळंबी. पाणी इतकं शांत की मला आनंदच झाला. रंकाळा तलावासारखं! एका खडकावर सावली धरून बसलो. दीड वाजेपर्यंत बसलो. उन्हानं मान भाजली. आमिष तसंच्या तसं वर यायचं, फार तर लहान खेकड्यांनी कुरतडलेलं.

एकदाच दोरी ओढली गेली. वर आला तो शिंगाळा. मिशा बघून मला आपला नदीतला मासा वाटला आणि मी त्याला सरळ मुठीत धरला. पाठीवरचा काटा अंगठ्याखाली शिरला. ती कळ शब्दांत सांगता येणार नाही, कोपरापर्यंत हात जळत होता. सासूबाईंनी काही विचारलं नाही, चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं आणि सोसवेल एवढ्या गरम पाण्यात माझा हात तासभर बुडवून ठेवायला लावला. शिंगाळ्याच्या काट्यातलं विष उष्णतेनं निकामी होतं, हे मी नंतर वाचलं. त्यांना ते वाचावं लागलं नव्हतं. पाण्याची उष्णता आधी चांगल्या हातानं बघून घ्यावी, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. काटा आत मोडला असेल किंवा सूज चढत असेल तर मात्र दवाखाना गाठायचा. त्या दिवसापासून शिंगाळा मी हातानं धरत नाही. चिमट्यानं जबडा पकडतो आणि गळ सोडवतो, नाहीतर दोरी कापून टाकतो.

संध्याकाळी बायकोचे थोरले काका आले. आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, राबलेला माणूस, आता वयामुळं फक्त गरी घेऊन बसतात. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकण्याला गरवणं. माझा हात बघून ते म्हणाले, "आज अष्टमी. भांगाचा पाणी, ह्येका ओढ नाय. मासो खय येतलो?" आणि जरा थांबून, "जावयबापू, तुमी रविवार बघून येतास, मासो तिथ बघून येता."

ते वाक्य मी कोल्हापूरपर्यंत घोकत आलो.

काकांनी ओसरीवर बसून जे समजावलं ते असं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात, म्हणून पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. मी ज्याला शांत पाणी म्हणून खूश झालो होतो ते न वाहणारं पाणी होतं. नदीत मासा शांत डोहात सापडतो, कारण त्याला प्रवाहात ताकद खर्च करायची नसते. खाडीत प्रवाहच त्याचं ताट वाढतो. पाणी हललं नाही तर कोळंबी हलत नाही, पिल्लं बाहेर पडत नाहीत, आणि मोठा मासा तोंड उघडायचे कष्ट घेत नाही.

वेळेचा हिशेब त्याहून सोपा. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा ताशी आकडा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकत जातं. हा ढोबळ हिशेब. प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणं त्यांच्याकडं मुंबईच्या आधी पाणी भरतं. पण कोल्हापुरात भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभं राहून जायचं की नाही हे ठरवायला तो पुरतो. मी अष्टमीला साडेदहा ते दीड बसलो होतो, म्हणजे भांगाच्या ओहोटीचा शेवटचा, सगळ्यात मेलेला भाग. त्यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडली नसती.

हे एवढं कळल्यावर मी पुढची चूक केली ती उलट्या टोकाची. पाणी हलायला हवं ना? मग सगळ्यात जास्त हलतं तेव्हाच जाऊ. 18 मे, शनिवार, बुद्ध पौर्णिमा. संस्थेला सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार. शुक्रवारी रात्रीच पोचलो. या वेळी घाटावरच्या मित्राचा नऊ फुटी रॉड आणला होता, जाड दोरी होती, शिशाची वजनं होती. पहाटे पाचला ओहोटी संपते आणि भरती सुरू होते, त्या हिशेबानं मी आणि मेव्हणा कुणकेश्वरच्या अलीकडच्या कातळावर उजाडता उजाडता उभे राहिलो.

पहाटेचा वारा जमिनीकडून होता, अगदी मंद. मे महिन्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा चढतो आणि पाणी खवळतं, म्हणून सकाळच चांगली, एवढं मी शिकून आलो होतो. समुद्र तेलासारखा दिसत होता. आम्ही पुढच्या पट्टीवर उतरलो. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात वारा नसताना, फेस नसताना, एक लांबलचक फुगवटा आला आणि आम्ही उभे होतो ती जागा कमरेएवढ्या पाण्यात गेली. मेव्हण्यानं माझा शर्ट धरून मागं ओढलं. आमिषाची बादली, वजनांची डबी, चपला, सगळं गेलं. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी माझ्या पायांचे दोन्ही तळवे फाटले. त्यामागून तसेच तीन-चार फुगवटे आले आणि मग पुन्हा वीस मिनिटं काही नाही.

ही गोष्ट मला इथं नीट सांगायची आहे, कारण घाटावरून जाणाऱ्या माणसाला ती ठाऊकच नसते. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडं, हिंदी महासागराच्या पार खालच्या भागात वादळं होतात. तिथून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्याला येतात. इथं आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि लाट मात्र दूरदेशीच्या वादळाची. केरळात तिला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. त्यात उधाणाची भरती मिळाली की पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. आता निघण्याआधी मी ते बघतो आणि इशारा असला तर निघत नाही. कातळावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. ओला, काळा पडलेला दगड म्हणजे तिथपर्यंत पाणी येतं, तिथं उभं राहायचं नाही. तळव्याला पकड असलेले बूट, अंगावर लाइफ जॅकेट. आणि काका म्हणतात ते, "दर्याक पाठ दाखवची नाय." गरीला आमिष लावतानासुद्धा तोंड पाण्याकडंच.

त्या दिवशी सकाळी नऊला उरलेली चार वजनं घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलो. तिथं उधाणाची भरती अशी घुसत होती की तीस-चाळीस ग्रॅमचं शिसं तळाला टिकतच नव्हतं, वाहत जाऊन खडकात अडकायचं. अकरापर्यंत चारही वजनं गेली. तळव्यांना हळद बांधून रविवारी कोल्हापूरला आलो.

संध्याकाळी पंचगंगा घाटावर मंडळी जमली होती. "काय गावलं का न्हाई?" एकानं विचारलं. मी पाय दाखवले. कुणी हसलं नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं, ज्याच्याकडून मी मरळ कशी धरायची ते शिकलो, एवढंच विचारलं, "मग आता कवा जानार?"

मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. अष्टमीला पाणी मेलेलं, पौर्णिमेला बेफाम. मधलं कधी? उधाण उतरणीला लागलेलं पण ओढ शिल्लक असलेलं. चतुर्थी किंवा पंचमी. चतुर्थी बुधवारी, म्हणजे संकष्टी. आईचा उपास, चंद्रोदय रात्री दहाच्या पुढं. त्या दिवशी मासे धरायला निघणं आमच्या घरात होणारच नव्हतं आणि मलाही ते करायचं नव्हतं. राहिली पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. काकांकडची वजावट धरली तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, मग ओहोटी रात्री नऊ-दहापर्यंत. सूर्यास्त सातला. म्हणजे दिवस मावळतो तेव्हा ओहोटी ऐन भरात. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "त्याच टायमाक खाडीच्या तोंडार ये."

तो गुरुवार होता, 23 मे, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. सगळं कोल्हापूर टीव्हीसमोर बसणार होतं. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. बुधवारी आईनं चंद्र बघून उपास सोडला, तिच्याबरोबर जेवलो, चार तास झोपलो आणि पहाटे निघालो.

दुपार पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकण्यात गेली. खाडीच्या उथळ कडेला मेव्हण्यानं पाग फेकला, तीन-चार फेकीत बोटाएवढे शेवते मासे आणि मूठभर जिवंत कोळंबी मिळाली. उथळात चालताना त्यानं पाय उचलून टाकू नका, घासत चला असं बजावलं. वाळूत पाखट दडलेली असते, पाय घासला की ती निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. शेवते बादलीत ठेवले, पाणी दर दहा मिनिटांनी बदलत राहिलो. मेमध्ये समुद्राचं पाणी तीस अंशांच्या घरात असतं, त्यात उन्हात ठेवलेल्या बादलीत मासा फार वेळ जगत नाही. बादलीला ओलं पोतं गुंडाळलं.

साडेचारला काका आले. मला वाटलं आता टाकायचं. ते खडकावर बसले आणि मलाही बसवलं. "बघ," म्हणाले. पाणी उतरू लागलं होतं. अर्धा तास आम्ही फक्त बघत होतो आणि तो अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. आधी कांदळवनाच्या मुळांमधून बारीक ओहोळ सुटले. मग ते मधल्या धारेला मिळाले. धार तोंडाशी असलेल्या एका बुडालेल्या खडकावर आपटून दोन भाग होत होती, आणि खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला पाणी उलटं फिरत होतं. एक मोठा संथ वळसा, त्याच्या कडेला फेसाची रेघ. त्या रेघेवर मधूनच पिल्लं उडत होती.

मासा त्या वळशात असतो, प्रवाहात नाही. खडकाच्या आडोशाला उभा राहतो, कांदळवनातून वाहून येणारी कोळंबी आणि पिल्लं समोरून जाताना टिपतो. म्हणून आमिष खडकावर टाकायचं नाही. वरच्या अंगाला टाकायचं आणि धारेला ते नेऊ द्यायचं, जणू आपलं आपण वाहत चाललंय. वजन दोरीवर मोकळं सरकतं ठेवायचं, त्यापुढं हातभर जाड तंगूस, कारण खाडीतल्या तांबोशी माशाचे दात आणि खडकाची धार दोन्ही बारीक दोरी कापतात. शेवता वरच्या ओठातून टोचायचा, म्हणजे तो प्रवाहात सरळ पोहत राहतो. आणि दोरी बोटावर. बूच नाही. माझी तीस वर्षांची सवय बुचाकडं बघण्याची, काकांनी ते काढून माझ्या खिशात घातलं.

पहिले तीन-चार फेकीचे आमिष सरळ समुद्रात गेले. वळशाच्या किती वर टाकावं हे हाताला कळायला वेळ लागतो. मग एक बरोबर पडलं. दोरी धारेबरोबर गेली, खडकाशी सैल झाली, आणि त्या सैलपणात बोटाला एकच टक लागली. नदीची सवय म्हणून मी थांबलो. चिलापी आधी चाखते, थांबावं लागतं. दोन सेकंदांत रॉड वाकला, रीळ किंचाळलं, आणि दोरी खडकात जाऊन अडकली. तांबोशी आमिष तोंडात घेते ती वळूनच, सरळ आपल्या बिळाकडं. तिला तिथं पोचू दिलं की संपलं. काका काही बोलले नाहीत, नवी गरी बांधून हातात दिली.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा दुसरी टक लागली. या वेळी थांबलो नाही. रॉड उचलला आणि तीन पावलं मागं चालत गेलो. खरंच चालत, कारण काकांनी आधीच मागची वाळू दाखवून ठेवली होती. मासा खडकाकडं ओढत होता, मी वाळूकडं. रीळ सोडलं नाही. पहिली दहा-पंधरा सेकंदं, बस्स. ती गेली की तांबोशी थकून वळते. मेव्हण्यानं उथळात जाऊन हातजाळ्यात घेतली. तांबूस, चांदीसारख्या कडांची, दीड किलोच्या आसपास. पहिल्यांदा हातात धरली तेव्हा माझे हात थरथरत होते.

अंधार पडल्यावर आणखी एक लहान आली, वीतभराची, ती सोडून दिली. खाडीत असतात त्या बहुतेक तांबोशी लहान वयाच्याच, मोठ्या झाल्या की बाहेर खोल खडपात जातात. नऊच्या सुमारास ओढ मंदावली. त्या शेवटच्या अर्ध्या तासात काकांच्या गरीला काहीतरी लागलं, आणि एकदा पाण्याबाहेर अख्खं उसळलं. टॉर्चच्या उजेडात रुपेरी अंग आणि लाल चमकणारा डोळा दिसला. चोणक. चार-पाच किलोची असावी. काकांनी सावकाश, एक झटका न मारता आणली, उथळ पाण्यातच ठेवून गरी काढली आणि तोंड प्रवाहाकडं करून धरून ठेवली, तिनं शेपूट मारेपर्यंत.

मला ते कळेना. बाजारात या मासळीला काय दर मिळतो ते मला माहीत होतं. काका म्हणाले, "ही मादी. आगोठ जवळ इली, हिच्या पोटात गाबोळी." चोणक लहानपणी नर असते आणि वाढल्यावर मादी होते, त्यामुळं एवढी मोठी म्हणजे जवळपास मादीच. पावसाच्या तोंडाला ती अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी येते. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते ती खवळलेल्या समुद्रामुळं, आणि याच कारणानंही. गरीवाल्याला ती बंदी लागू नाही. काका ती स्वतःहून, आठवडाभर आधीपासून पाळतात.

रात्री अकराला चंद्र उगवला तेव्हा आम्ही जेवत होतो. सासूबाईंनी तांबोशीचं तिरफळ घातलेलं सार केलं होतं. निकाल काय लागला ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे फोंड्याला चहाच्या टपरीवर कळलं.

घरी आल्यावर आधी रॉड, रीळ, गऱ्या सगळं गोड्या पाण्यानं धुतलं. एक दिवस जरी मीठ राहिलं तरी रिळातले छर्रे गंजून अडकतात. मग आईच्या देवघराशेजारचं कॅलेंडर बघितलं. पुढची अमावास्या 3 जूनला, म्हणजे पंचमी 7 जूनला. शुक्रवार. काकांना विचारलं.

"तवसर दर्यो बदललेलो असतलो," ते म्हणाले. "होडी परवा वर काढतलव. आता नारळी पौर्णिमा झाल्यार ये."

मी कॅलेंडरचं पान उलटत ऑगस्टपर्यंत गेलो आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या वद्य पंचमीवर पेन्सिलीनं एक गोल केला.